तह कोणाशी करायचा?

राक्षसभुवनला लोक येतात ते शनीसाठी. शनी अमावास्येला गेवराईकडून येणाऱ्या गाड्यांची रांग लागते, काठावर तेलाचा वास भरून राहतो, कोणी साडेसाती उतरवायला आलेलं असतं, कोणी नुसतंच सोबतीला. गोदावरीचं पात्र मात्र वर्षातले बरेच दिवस ओस असतं. वर पैठणला १९७६ साली जायकवाडीचं धरण पुरं झालं, तेव्हापासून इथल्या काठाला पावसापेक्षा धरणाच्या दरवाजांची खबर जास्त ठेवावी लागते. त्यामुळे १० ऑगस्ट १७६३ रोजी हीच नदी दुथडी भरून वाहत होती आणि तिने एका फौजेचे दोन तुकडे करून ठेवले होते, हे तिथेच उभं राहून सांगितलं तरी ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. मी दोनदा सांगून पाहिलं आहे. दोन्ही वेळा समोरच्याने एकच विचारलं, "मग जिंकलं कोण?"

पेशवे जिंकले, निजाम हरला. उत्तर एवढंच आहे, आणि पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत मावतं. पुढची पानं लिहिली ती दुसऱ्या एका प्रश्नासाठी. लढाईनंतर तह होतो, तहावर सह्या-शिक्के होतात, वकील एकमेकांना वस्त्रं देतात. मग काही तह टिकतात आणि काही वर्षभरात विरतात. असं का होतं? बीड जिल्ह्यात आणि त्याच्या कुंपणालगत या प्रश्नाची तीन ठिकाणं आहेत. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणजवळ मुंगी, मध्ये राक्षसभुवन, आणि दक्षिणेला, पाटोदा तालुक्याच्या हद्दीपलीकडे जामखेड तालुक्यातला खर्डा. १७२८, १७६३, १७९५. सदुसष्ट वर्षांत दोन शेजारी इथे तीन वेळा हिशेबाला बसले, आणि तिन्ही वेळा हिशेब बिघडवला तो शेजाऱ्याने कमी, घरच्यांनी जास्त.

बीडचं दुखणं असं की तो या दोन घरांच्या मधला बांध होता. मुलूख निजामाचा, पण चौथाई आणि सरदेशमुखीचा हक्क मराठ्यांचा. एकाच गावच्या पाटलाकडे दोन्हीकडची माणसं वसुलीला यायची. याला दुअंमल म्हणत. शब्द दफ्तरातला आहे, पण ज्याला दोनदा द्यावं लागे त्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. दिल्ली आणि पुणे यांच्यातलं राजकारण आपण मोठ्या चवीने वाचतो. पुणे आणि हैदराबाद यांच्यातली शांतता मात्र आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याच्या दाराशी सुरू व्हायची किंवा संपायची.

मुंगी-शेवगावच्या तहाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळदा सांगितली गेली आहे आणि बहुतेक वेळा थोरल्या बाजीरावांच्या पालखेडच्या घोडदौडीवरच थांबते. मला त्या दौडीपेक्षा तिच्या आधीचा निजामाचा एक डाव महत्त्वाचा वाटतो. शाहू महाराज साताऱ्याला, संभाजीराजे कोल्हापूरला. दोघंही छत्रपती म्हणवून घेत. निजाम-उल-मुल्काने दख्खनची चौथाई अडवून धरली आणि कारण काय दिलं? तुम्ही दोघं हक्कदार आहात, आधी खरा कोण ते ठरू द्या. वाटल्यास निवाडा मी करतो. ज्याच्याकडून येणं आहे तोच पंच! यात निजामाची लबाडी होती, हे उघड आहे. पण ती जागा त्याने निर्माण केली नव्हती. ती त्याला तयार मिळाली. चंद्रसेन जाधवासारखा मातब्बर सरदार शाहूंना सोडून केव्हाच त्याच्या पदरी जाऊन बसला होता. ६ मार्च १७२८च्या तहात निजामाने शाहूंचा हक्क मान्य केला आणि कोल्हापूरच्या पक्षाची पाठराखण सोडली. म्हणजे तहाचं खरं कलम एकच होतं: यापुढे तुमच्या घरात आम्ही एकच दार वाजवू.

पुढे १७४८ साली निजाम-उल-मुल्क वारला आणि तीच वेळ त्याच्या घरावर आली. मुलगा नासिरजंग, नातू मुजफ्फरजंग, मग दुसरा मुलगा सलाबतजंग. तीन वर्षांत तीन धनी. एकाच्या पाठीशी फ्रेंच, दुसऱ्याच्या पाठीशी इंग्रज. या गोंधळाचा फायदा पेशव्यांनी पुरेपूर घेतला आणि फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला साठ लाखांचा मुलूख मिळवला. हे इथे मुद्दाम लिहितो. घर एकजूट असलं की शेजाऱ्याशी शांतता राहते, असा सरधोपट सिद्धांत मला मांडायचा नाही. उदगीरच्या वेळी पुण्याचं घर एकसंध होतं, आणि एकसंध घरानेच फुटलेल्या शेजाऱ्यावर झडप घातली. त्या साठ लाखांची सल हैदराबादच्या दरबारात पुढची तीन वर्षं राहिली.

आता राक्षसभुवन. या प्रकरणावर पुस्तकातली सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत आणि प्रस्तावनेतही ते जागा खाणारच.

जानेवारी १७६१मध्ये पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले, जुलैमध्ये सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. कारभार चुलत्यांच्या, राघोबादादांच्या हातात. सलाबतजंगाचा भाऊ निजाम अली याने वाटेत टोक्याची देवळं उद्ध्वस्त करत थेट पुण्याच्या रोखाने चाल केली. दादांनी त्याला उरुळीजवळ अडवलं आणि १७६२च्या सुरुवातीला सौम्य तह करून जाऊ दिलं. सौम्य का, यावर इतिहासकारांत वाद आहे. एवढं खरं की त्याच वर्षी पुतण्याशी बिनसल्यावर दादांना निजामाच्या मदतीची गरज पडली आणि निजामाने ती आनंदाने दिली. नोव्हेंबर १७६२मध्ये अळेगावला चुलता-पुतण्याच्या फौजा समोरासमोर आल्या. पुढे काय होणार हे ओळखून माधवराव स्वतः दादांच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले. त्या सुमारास दादांनी निजामाला दौलताबादचा किल्ला आणि पन्नास लाखांच्या वरचा मुलूख कबूल करून टाकला होता. उदगीरची कमाई म्हणजे जवळजवळ सगळीच.

निजामाच्या जागी बसून पाहा. ज्याने वचन दिलं तो पेशवा नाही, जो पेशवा आहे तो नजरकैदेत, आणि ज्या सरदारांच्या जोरावर हे राज्य चालतं ते रोज एक-एक करून रुसतायत. अशा घराशी केलेल्या कराराची किंमत निजामाने बरोबर ओळखली. त्याने वचनाची वाट पाहिली नाही, रुसलेल्यांची पाहिली. दादांनी प्रतिनिधीपद भवानरावांकडून काढून घेतलं, भवानराव निजामाकडे. मिरज पटवर्धनांकडून हिसकावून घेतली. गोपाळराव पटवर्धन निजामाकडे. नागपूरकर जानोजी भोसल्यांना साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने सगळा कारभार हाती घेण्याचं गाजर दाखवलं गेलं, तेही तिकडे. हा सगळा बेत विणणारा निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मराठी मुलखातलाच देशस्थ ब्राह्मण. पेशव्यांनी छत्रपतींचा अधिकार बळकावला आहे आणि आम्ही तो परत मिळवून देणार आहोत, अशी त्याची भाषा होती. शेजारी राज्याच्या दिवाणाने आपल्या छत्रपतींची काळजी वाहावी, यातली गंमत तेव्हाच्या लोकांना कळली नसेल असं नाही. पण रागावलेला माणूस गंमत पाहत नाही.

इथे एक खुलासा. या फाटाफुटीला देशस्थ विरुद्ध कोकणस्थ असा रंग देण्याची सोय आहे आणि ती पुष्कळांनी वापरली आहे. त्यात तथ्य मुळीच नाही असं नाही. पण गोपाळराव पटवर्धन कोकणस्थच होते. त्यांना निजामाकडे ढकललं ते जातीने नाही, मिरजेच्या वेढ्याने. माणसं फितूर होतात तेव्हा त्यांच्या जातीकडे पाहण्याआधी त्यांची जहागीर कोणी काढली ते पाहावं.

१७६३च्या उन्हाळ्यात निजामाने पुणं लुटलं आणि जाळलं. पेशव्यांच्या फौजेने समोर न ठाकता त्याच्या आणि जानोजीच्या मुलखात धुमाकूळ घातला. मग पावसाळा आला. औरंगाबादेकडे परतताना निजाम स्वतः गोदावरी ओलांडून उत्तर काठाला गेला. विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर, राक्षसभुवनजवळ. पाणी चढलेलं. जानोजीला पेशव्यांनी बत्तीस लाखांच्या मुलखाचं वचन देऊन आधीच फोडलेलं होतं. तो ऐन वेळी बाजूला झाला. लढाईत राघोबादादा वेढले गेले, तेव्हा त्यांना सोडवायला धावून गेला तो त्यांनीच नजरकैदेत ठेवलेला पुतण्या. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावरून निजामाला हे पाहण्यावाचून काही करता आलं नाही.

सप्टेंबरमध्ये औरंगाबादला तह झाला. उदगीरचा साठ लाखांचा मुलूख पुन्हा कबूल, आणि वर बावीस लाखांचा. याच महिन्यात निजाम अलीच्या कैदेत असलेला त्याचा भाऊ सलाबतजंग बिदरला मारला गेला. निजामाच्याही घरात सगळं आलबेल नव्हतं, हे विसरायला नको.

हा तह टिकला. माधवरावांच्या हयातीत, म्हणजे नोव्हेंबर १७७२पर्यंत, पुणे आणि हैदराबाद यांच्यात पुन्हा मोठं युद्ध झालं नाही. विजयामुळे टिकला असं म्हणावं तर उदगीरचा विजयही लहान नव्हता, तो दोन वर्षं टिकला नाही. माझ्या मते फरक लढाईनंतरच्या काही निमूट कामांत आहे. भवानरावांना प्रतिनिधीपद परत मिळालं. पटवर्धनांना मिरज परत मिळाली. ज्या माणसांच्या खांद्यावर बसून निजाम पुण्यापर्यंत आला होता ती माणसं घरी परतली. जानोजीचा हिशेब तेवढा राहिला होता. तोही जानेवारी १७६६मध्ये बराचसा पुरा झाला, आणि कोणाच्या मदतीने? निजामाच्या. बत्तीस लाखांपैकी चोवीस लाखांचा मुलूख जानोजीकडून परत घेतला गेला आणि त्यातला पंधरा लाखांचा निजामाला मिळाला. तीन वर्षांपूर्वी निजाम जानोजीला हाताशी धरून पुण्यावर आला होता. आता पेशवा निजामाला हाताशी धरून जानोजीवर गेला. शेजारी फारसा बदलला नव्हता. आता त्याच्याशी बोलणाऱ्याचा शब्द घरात चालत होता, एवढंच. औरंगाबादचा तह औरंगाबादला लिहिला गेला खरा, पण तो पक्का झाला मिरजेत.

याची उलट बाजू लगेच दिसते. ऑगस्ट १७७३मध्ये माधवरावांचे धाकटे भाऊ, पेशवे नारायणराव यांचा खून झाला, दादा पेशवे झाले, आणि सगळं पुणं संशयाने पाहू लागल्यावर त्यांनी काय केलं? निजामावर स्वारी. बिदरजवळ त्याला कोंडीत धरून वीस लाखांचा मुलूख लिहून घेतला आणि मग तोच परतही करून टाकला. घरात तोंड दाखवायला जागा नसलेल्या माणसाला शेजाऱ्याशी भांडायलाही वेळ लागत नाही आणि गळ्यात गळा घालायलाही.

खर्ड्याबद्दल लिहिताना माझा हात जरा जड होतो. ११ मार्च १७९५. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन, सगळे एका निशाणाखाली. चौथाईच्या थकबाकीवरून सुरू झालेलं भांडण. बालाघाटावरून मोहरीच्या घाटाने उतरलेला निजाम हरला आणि निंबाळकरांनी बांधलेल्या खर्ड्याच्या किल्ल्यात अडकून पडला. ते निंबाळकरही निजामाच्या पदरी गेलेलं मराठी घराणं, हे ओघाने सांगायला हवं. तहात कोट्यवधींची रक्कम ठरली, दौलताबादसह मोठा मुलूख ठरला, आणि दिवाण मुशीर-उल-मुल्क मराठ्यांच्या हवाली झाला. मराठ्यांनी सगळे मिळून लढलेली ही शेवटची लढाई, असं आपण अभिमानाने सांगतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून गेले. गादीवर कोण, यावरून दुसरे बाजीराव, चिमाजी आप्पा, नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे यांचे जे डाव सुरू झाले ते एका पानात सांगणं अशक्य आहे. वाचकाने त्यासाठी पाचवं प्रकरण गाठावं आणि हाताशी कागद-पेन्सिल ठेवावी. आपल्या कामापुरतं एवढंच. पुण्यातून निसटून महाडला जाऊन बसलेल्या नानांना बाजूने कोणीतरी हवं होतं. ऑक्टोबर १७९६मध्ये महाडला निजामाशी करार झाला आणि खर्ड्याला जे मिळवलं होतं ते नानांनी सोडून दिलं. मुशीर-उल-मुल्क कैदी म्हणून पुण्यात आला होता. जाताना तो सौदा पटवून गेला. दीड वर्षात, एकही गोळी न झाडता, खर्डा फिटला.

निजाम या वेळी तरी शहाणपणाने वागला का? त्याच्याही घरात १७९५मध्येच मुलगा अलीजाह बंड करून उठला होता. खर्ड्याला इंग्रज तटस्थ राहिले म्हणून आधी त्याने फ्रेंच रेमाँच्या पलटणींवर भिस्त ठेवली आणि सप्टेंबर १७९८मध्ये त्याच इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. यशवंतराव होळकरांनी हडपसरला हरवल्यावर बाजीरावांनीही १८०२च्या शेवटच्या दिवशी वसईला तेच केलं. दोन शेजाऱ्यांच्या भांडणात तिसरा जिंकतो, असं सांगायची पद्धत आहे. नेमकं सांगायचं तर तिसरा या दोघांच्या आपसातल्या भांडणाने आत आला नाही. तो प्रत्येकाच्या घरातल्या भांडणाने आला. आणि आला तो किती जवळ? पुढे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या आणि इंग्रजांच्या हुकमात चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, ठाण मांडून होतं. याच कंटिंजंटच्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवावं लागलं. पगार निजामाचा, हुकूम साहेबाचा आणि वैरण गावकऱ्यांची.

शेवटचं प्रकरण १९४७-४८चं आहे. काही मित्रांनी ते नको म्हणून सांगितलं. त्यांच्या मते तो इतिहास वेगळा. मला तो त्याच धाग्यातला वाटतो. भारताशी जैसे थे करार करायला निजाम ऑक्टोबर १९४७मध्ये तयार झाला होता. शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तोच २७ ऑक्टोबरच्या पहाटे कासिम रझवीच्या जमावाने पंतप्रधान छतारीचे नवाब आणि निजामाचे कायदेविषयक सल्लागार माँक्टन यांच्या घरांना गराडा घातला. रझवी मूळचा लातूरचा वकील, आता मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचा पुढारी आणि रझाकारांचा सेनापती. निजाम डगमगला. शिष्टमंडळ बदललं, पंतप्रधान बदलला, आणि करार २९ नोव्हेंबरला झाला तो जवळपास आधीच्याच मसुद्यावर. शब्द तेच, पण आता सगळ्यांना कळलं होतं की हैदराबादेत सही करणारा एक आहे आणि ती मोडू शकणारा दुसरा. दिल्लीनेही ते ओळखलं. पुढचे दहा महिने सरहद्दीवरच्या गावांनी कसे काढले ते बीड जिल्ह्यात अजून घराघरांत सांगितलं जातं. ज्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं, तिथून संस्थानाच्या आतला लढा उभा राहिला. बाहेरून सैन्य आलं ते १३ सप्टेंबर १९४८ला, आणि पाच दिवसांत सगळं संपलं.

हे सगळं जुन्या दरबारांचंच आहे असं कोणी समजू नये. सप्टेंबर २०११मध्ये आपले पंतप्रधान ढाक्याला गेले तेव्हा तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार तयार होता. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी नकार दिला आणि तो बाजूला राहिला. बांगलादेशाशी सीमेचा करार १९७४मध्ये झाला, पण छीटमहालांच्या, म्हणजे एका देशाने वेढलेल्या दुसऱ्याच्या तुकड्यांच्या, अदलाबदलीसाठी घटनादुरुस्ती व्हायला २०१५ उजाडलं. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी १९१९मध्ये व्हर्सायला सही केली आणि त्यांच्याच सिनेटने तह फेटाळला. यांतला कुठला विरोध योग्य आणि कुठला नाही, हा वेगळा वाद. तीस्तेच्या काठच्या शेतकऱ्याचं म्हणणं ऐकायलाच हवं होतं. फक्त ते सही करायला निघण्याआधी ऐकलं गेलं, की नंतर, यावर शेजाऱ्याशी असलेलं नातं ठरतं. माधवरावांनी मिरज परत केली ती औरंगाबादचा तह मोडण्याची वाट न पाहता.

आता पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. साधनं बहुतेक पुण्याच्या बाजूची आहेत, त्यामुळे निजामाच्या घरातली भांडणं वाचकाला थोडी पुसट दिसतील. पेशव्यांच्या घरातली मात्र भिंतीपलीकडून ऐकू यावीत इतकी स्पष्ट. मधल्या एका प्रकरणात मी लढाया सोडून बीड शहरात थांबलो आहे, मन्सूरशाहांच्या दर्ग्यापाशी. महादजी शिंदे त्यांना गुरू मानत आणि शिंद्यांच्या घराण्याने ती श्रद्धा पुढेही राखली. पेशव्यांचा सर्वांत बलाढ्य सरदार, आणि त्याचा पीर निजामाच्या मुलखात. संपादकांना हे प्रकरण विषयाला सोडून वाटलं. मी ते ठेवलं आहे.

प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे नाही. आधी राक्षसभुवन, मग मागे जाऊन मुंगी, मग खर्डा. कारण अगदी साधं आहे: मी बीडहून निघालो तेव्हा बसस्थानकावर पहिली गाडी गेवराईची लागली होती.